शिडाखालची प्रयोगशाळा

२०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अटलांटिक महासागरातल्या प्लास्टिकवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यामागे १९८६ ते २००८ अशा बावीस वर्षांच्या नोंदी होत्या. सहा हजारांहून अधिक ठिकाणी समुद्राच्या पृष्ठभागावरून बारीक जाळे ओढलेले होते आणि त्यात सापडलेले प्लास्टिकचे चौसष्ट हजारांहून जास्त तुकडे हाताने वेचून मोजलेले होते. हे काम प्रामुख्याने कॉलेजातल्या मुलामुलींनी केले होते. अमेरिकेतल्या वुड्स होल इथली ‘सी एज्युकेशन असोसिएशन’ ही संस्था १९७१ पासून शिडाच्या जहाजांवर विद्यार्थ्यांना समुद्रविज्ञान शिकवते. तिथे यायला समुद्रविज्ञानाचाच विद्यार्थी असावे लागत नाही. कोणत्याही शाखेची मुले येतात. दर तुकडीने आपल्या सफरीत थोडे मोजले आणि पुढच्या तुकडीने त्यात भर घातली. असे करत समुद्रातल्या प्लास्टिकच्या जगातल्या सर्वांत दीर्घ आणि विश्वासार्ह नोंदींपैकी एक तयार झाली.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकांपुढे ही गोष्ट मुद्दाम ठेवतो आहे. समुद्राचे शास्त्र हा कोकणातल्या, गोव्यातल्या, मुंबईतल्या मुलांचा विषय, असे आपण गृहीत धरले आहे. साग, बांबू, वाघ, कोळसा, धान हे आपले, समुद्र त्यांचा. ही वाटणी चुकीची आहे. समुद्रविज्ञान शिकण्यासाठी किनाऱ्यावर जन्मावे लागत नाही. आणि आपले हे दोन जिल्हे समुद्राशी किती घट्ट जोडलेले आहेत, हे समजले तर इथल्या मुलांना तो विषय परका वाटण्याचे कारणच उरत नाही.

शिडाचे जहाजच कशाला?

आज संशोधनासाठी मोठमोठी इंजिनाची जहाजे आहेत. तरीही तरुणांना समुद्र शिकवायला अनेक देशांत शिडाची जहाजे वापरली जातात. जुन्याची हौस हे त्याचे कारण नाही. पृष्ठभागावरचे जाळे ओढायचे असेल तर जहाज माणसाच्या चालीने, तासाला साडेतीन-चार किलोमीटर इतकेच पुढे सरकायला हवे. शिडे कमी-जास्त करून ही गती साधता येते. इंधन कमी लागते, त्यामुळे आठवडेच्या आठवडे समुद्रात राहणे परवडते. इंजिन बंद असले की पाण्याखाली सोडलेल्या मायक्रोफोनला देवमाशांचे आवाज स्वच्छ ऐकू येतात.

याहून मोठे कारण शिकवण्याचे आहे. शिडाच्या जहाजावर वारा आणि प्रवाह हे पुस्तकातले धडे राहत नाहीत. वारा कुठून येतो, पाणी कुठे वाहते, हे समजले नाही तर जहाज हवे तिथे पोहोचतच नाही. समुद्रविज्ञानातला एक पायाभूत शोध असाच एका शिडाच्या जहाजावरून लागला. नॉर्वेचा संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन याचे ‘फ्राम’ हे जहाज १८९३ ते १८९६ या काळात उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात अडकून त्या बर्फाबरोबर वाहत राहिले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता त्याच्या उजवीकडे कलून जातो, हे नान्सेनने टिपले. स्वीडनच्या वॉल्फ्रिड एकमनने १९०५ साली त्याचे गणित मांडले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पाणी उजवीकडे वळते. खालचा प्रत्येक थर वरच्या थरापेक्षा थोडा अधिक वळतो आणि अधिक मंद होतो.

विद्यार्थ्यांनी वेचलेले प्लास्टिक अटलांटिकच्या मधल्या भागातच इतके का सापडले, याचे उत्तर याच गणितात आहे. त्या महासागराच्या एका अंगाला पूर्वेकडून आणि दुसऱ्या अंगाला पश्चिमेकडून वारे वाहतात. दोन्हीकडचे पाणी वळून मध्याकडे येते आणि त्याच्याबरोबर तरंगणारा कचराही. त्या नोंदींतून एक अनपेक्षित गोष्टही पुढे आली. बावीस वर्षांत जगातला प्लास्टिकचा वापर प्रचंड वाढला, पण त्या भागातल्या पृष्ठभागावरच्या तुकड्यांची संख्या तशी वाढलेली दिसली नाही. मग उरलेले प्लास्टिक जाते कुठे? खोल तळाशी, जलचरांच्या पोटात, की जाळ्यातून निसटावे इतके बारीक होऊन पाण्यात? या प्रश्नावर आज जगभर संशोधन चालू आहे, आणि तो प्रश्न टोकदार करण्यात विद्यार्थ्यांच्या चिमट्यांचा वाटा मोठा आहे.

जहाजावरचा दिवस

अशा जहाजावर प्रवासी कोणी नसतो. विद्यार्थ्यांचे तीन गट करतात आणि ते आळीपाळीने रात्रंदिवस काम करतात. पाळी म्हणजे काय, हे कोळसा खाणीत आणि बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये राबणाऱ्या घरांना सांगायला नको. एका पाळीतली काही मुले सुकाणू धरतात, समोर नजर ठेवतात, शिडे चढवतात-उतरवतात. काही मुले प्रयोगशाळेत असतात. ठरावीक वेळाने वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, ढग, पाण्याचे तापमान आणि जहाजाची जागा नोंदवहीत चढवायची. झोप येत असली, मळमळत असले तरी नोंद चुकवायची नाही.

जहाज थांबवून तारेच्या दोरावरून उपकरणे खोल सोडतात. त्यात पाण्याचे तापमान, क्षारता आणि खोली मोजणारे यंत्र असते, शिवाय हव्या त्या खोलीवर तोंड बंद होणाऱ्या बाटल्या असतात. उष्ण कटिबंधात वरचे पाणी अठ्ठावीस अंशांचे असले तरी हजार मीटर खाली ते दहा अंशांच्याही आत जाते. मधे एका पट्ट्यात तापमान झपाट्याने उतरते. हा पट्टा वरच्या ऊबदार आणि खालच्या थंड पाण्याला सहजी मिसळू देत नाही. खत म्हणून लागणारी क्षारद्रव्ये खाली, आणि ऊन वर. त्यामुळे जिथे काही कारणाने खालचे पाणी वर येते तिथेच मासळी भरपूर असते. मुलांनी बाटलीतले पाणी स्वतः तपासले की ही साखळी त्यांना एकदम उमगते.

सर्वांत साधे उपकरण म्हणजे सेकी तबकडी. इटलीतले ज्योतिर्विद आंजेलो सेकी यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. पाणी किती नितळ आहे, सूर्यप्रकाश किती खोल पोहोचतो, हे त्यावरून कळते. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही ही पद्धत तशीच वापरली जाते.

रात्रीची पाळी मुलांना विशेष आवडते, कारण रात्री ओढलेल्या जाळ्यात दिवसापेक्षा कितीतरी जास्त जीव येतात. कोळंबीसारखे लहान प्राणी, अळ्या आणि जेलीसारखे जीव दिवसा खोल अंधारात दडून राहतात आणि रात्री चरायला वर येतात. वजनाच्या हिशोबाने पृथ्वीवरचे हे सर्वांत मोठे स्थलांतर आहे आणि ते रोज घडते. हे सगळे ज्यांच्यावर जगतात त्या सूक्ष्म वनस्पतींना वनस्पतिप्लवक म्हणतात. जगात सूर्यप्रकाशावर अन्न तयार होण्याचे जे काम चालते त्यातले जवळपास निम्मे हे प्लवक करतात. उरलेले निम्मे आपल्या जंगलांसारखी जमिनीवरची झाडेझुडपे. जंगलात वाढलेल्या मुलाला समुद्र समजायला याहून चांगली वाट कोणती?

‘डिस्कव्हरी’पासून नागपूरपर्यंत

शिडाच्या एका जहाजाने आपल्या विदर्भात जन्मलेल्या एका मुलीचे आयुष्य कसे वळवले, ही हकिकत इथल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

‘डिस्कव्हरी’ हे तीन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज १९०१ साली स्कॉटलंडमध्ये पाण्यात उतरले. त्याला जोडीला वाफेचे इंजिन होते. १९२५ ते १९२७ या काळात ते दक्षिण महासागरात देवमासे आणि त्यांचे खाद्य यांच्या अभ्यासासाठी गेले. अॅलिस्टर हार्डी हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ त्यावर होते. देवमासे कुठे जमतील हे ओळखायचे असेल तर आधी प्लवक कुठे आहेत ते सलग मोजले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. जहाज चालू असतानाच रेशमी पट्टीवर प्लवक टिपत जाणारे यंत्र त्यांनी तयार करून तिथे वापरले. पुढे त्याची सुधारलेली आवृत्ती व्यापारी जहाजांच्या मागे ओढली जाऊ लागली. ही मोजणी १९३१ पासून चालू आहे आणि हवामानबदलाच्या अभ्यासात ती फार मोलाची ठरली आहे. हार्डी यांनी सामान्य वाचकांसाठी ‘द ओपन सी’ हे प्लवकांवरचे पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध केले.

ते पुस्तक अदिती पंत यांच्या हाती पडले. पंत यांचा जन्म १९४३ साली नागपूरचा. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी हे पुस्तक वाचले आणि समुद्रविज्ञान हेच आपले क्षेत्र, असे ठरवले. हवाई विद्यापीठात त्यांनी सागरी विज्ञानाचे शिक्षण घेतले, लंडनमध्ये डॉक्टरेट केली आणि भारतात परतून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम सुरू केले. १९८३-८४ मधल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाला गेल्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. समुद्रकिनारा नसलेल्या शहरात जन्मलेली मुलगी एका पुस्तकाच्या बळावर दक्षिण महासागरापर्यंत पोहोचली. पुस्तक वाचनालयात असले पाहिजे आणि वाट दाखवणारे कोणी भेटले पाहिजे, एवढीच अट होती.

गोव्यात काय आहे

या विषयाची भारतातली मोठी केंद्रे पाहू लागलो की गोव्यापाशी थांबावे लागते. १९६० ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. भारताकडून नौदलाची ‘कृष्णा’ ही युद्धनौका त्यात उतरली होती. त्या मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय दोना पावला इथे आहे. १९७६ साली तिला ‘गवेषणी’ हे पहिले संशोधन जहाज मिळाले. २०१४ पासून ‘सिंधु साधना’ काम करते आहे.

शिडाच्या नौकाही गोव्यातच बांधल्या गेल्या. नौदलाचे ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज गोवा शिपयार्डचे. ते १९९७ मध्ये नौदलात दाखल झाले. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या छप्पन्न फुटी नौका तयार झाल्या. ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. ‘तारिणी’वरून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीला फेरी मारली. त्यानंतर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये परतल्या. जानेवारी २०२५ मध्ये त्या पॅसिफिकमधल्या ‘पॉइंट निमो’वरून गेल्या. कोणत्याही जमिनीपासून सर्वांत दूर असलेली ही जागा. जवळचे बेट सुमारे २,६८८ किलोमीटरवर. तिथल्या पाण्याचे नमुने त्यांनी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी आणले, जेणेकरून त्यातले जीव आणि पाण्याची रासायनिक घडण तपासता यावी. जिथे क्वचितच एखादे जहाज फिरकते, तिथले बाटलीभर पाणी शास्त्रज्ञाला लाखमोलाचे असते. शीड आणि विज्ञान यांची जोडी आपल्याकडेही जमते, हे या सफरीने दाखवून दिले.

आपल्या मातीतला समुद्र

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस इथले सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर उभे आहेत, ती चुनखडी समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. पैनगंगा गटाचे हे खडक पन्नास कोटी वर्षांहूनही कितीतरी जुने आहेत. भूशास्त्रात त्यांतल्या चुनखडीला ‘चांदा लाइमस्टोन’ असेच नाव आहे. त्या समुद्रात मासे नव्हते, शंख-शिंपले नव्हते. जीवन अजून सूक्ष्म रूपातच होते. खाणीच्या कड्यावर दिसणारे पातळ, सपाट थर म्हणजे त्या शांत तळावर बसत गेलेला चिखल. राजुरा-कोरपना भागातल्या मुलांना समुद्राचा तळ पाहायला कुठे जायची गरज नाही.

समुद्राशी आपले आजचे नाते नदीचे आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, पुढे सोमनूरला इंद्रावती येते, आणि हे सगळे पाणी आंध्रात बंगालच्या उपसागरात जाते. चंद्रपूरहून सरळ रेषेत मोजले तर मुंबईपेक्षा हा पूर्वेचा समुद्र आपल्याला कितीतरी जवळ आहे. आपण इरईत, झरपटीत टाकलेली पिशवी कुठे जाणार, हेही त्यावरून कळते.

हे गोडे पाणी समुद्रात गेले की संपत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावदी, महानदी, गोदावरी या नद्यांचे पाणी आणि पाऊस यांमुळे बंगालच्या उपसागरावर कमी खारट, हलक्या पाण्याचा थर पसरतो. हलके पाणी वर राहते, खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही आणि उन्हाने लवकर तापते. गोव्याच्या संस्थेतले शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ साली अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडून दाखवले की, याच थरामुळे पावसाळ्यातही उपसागराचा पृष्ठभाग अठ्ठावीस अंशांच्या वर राहतो. तेवढी ऊब असली की त्यावर ढगांचे मोठे समूह आणि कमी दाबाचे पट्टे तयार होत राहतात. ते ओडिशा, छत्तीसगड ओलांडून आपल्याकडे येतात. आपले धान त्यांच्यावर पिकते. त्यांचा जोर वाढला की पर्लकोटेला पूर येतो आणि भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणजे प्राणहितेचे पाणी ज्या समुद्राला जाते, तोच समुद्र ते पाऊस म्हणून परत पाठवतो. पुराचा अंदाज आधी मिळावा असे वाटणाऱ्या प्रत्येकाने समुद्र कसा वागतो हे जाणून घ्यायला हवे.

एक गोष्ट आणखी. देशभरातल्या मच्छीमारांना लाटांचा आणि मासळीच्या जागांचा अंदाज देणारे, त्सुनामीचा इशारा देणारे राष्ट्रीय केंद्र ‘इन्कॉइस’ हैदराबादला आहे. त्या शहरालाही समुद्र नाही. बल्लारशाहून रेल्वेने तिथे जाता येते.

सुरुवात इथूनच

जहाज मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. जहाजावरची बरीचशी मोजणी आपल्या तलावांत आणि नद्यांत करता येते. वीस सेंटिमीटरची तबकडी घ्या, तिचे चार भाग करून आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरवर खूण करा. घोडाझरी, असोलामेंढा, जुनोना किंवा गावचा मामा तलाव, कुठेही चालेल. शिक्षक बरोबर असावेत आणि ढिवर समाजातल्या जाणत्या मच्छीमाराच्या नावेतूनच पाण्यात जावे. पाण्याची त्यांना असलेली जाण हाही अभ्यासाचा भाग आहे. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, दुपारच्या त्याच वेळी मोजा. पाण्याचे तापमान टिपा. बारीक जाळीची पिशवी अर्धा तास पृष्ठभागावरून ओढा. मिळालेले प्लास्टिक वेचून मोजा, उरलेले थेंब कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. एका वर्षाने दुसऱ्या तुकडीकडे वही सोपवा. दहा वर्षे ही वही चालली तर आपल्या पाण्याबद्दल ती वही जे सांगेल, ते दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

पुढच्या शिक्षणाची वाटही मोकळी आहे. भौतिकशास्त्र, रसायन, प्राणिशास्त्र, गणित यांपैकी कशातही पाया पक्का असला की गोवा विद्यापीठ किंवा कोचीच्या विद्यापीठात समुद्रविज्ञानाकडे वळता येते. मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये नागपूरला आणि रत्नागिरीला आहेत. एनसीसीच्या नौदल शाखेत शिडाची लहान बोट चालवायला शिकवतात.

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्ट सर केले. ज्या खडकावर ते उभे राहिले तो चुनखडीचा आहे, पंचेचाळीस कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाचा. निवड, प्रशिक्षण, खर्च आणि विश्वास या चार गोष्टी शासनाने आणि शिक्षकांनी पुरवल्या तेव्हा ते घडले. याच चार गोष्टी समुद्रासाठी पुरवणे त्याहून अवघड नाही. गोव्यात शिडाच्या नौका बांधणारे हात आहेत, समुद्र शिकवणारे शास्त्रज्ञ आहेत. आपल्याकडे गोंडवाना विद्यापीठ आहे, आश्रमशाळा आहेत आणि कष्टाला न घाबरणारी मुले आहेत. आदिवासी विकास विभाग, विद्यापीठ आणि गोव्याची संस्था यांनी एकत्र बसावे आणि दरवर्षी या दोन जिल्ह्यांतली काही मुले शिडाच्या नौकेवर समुद्रविज्ञान शिकायला पाठवावीत. तोवर शिक्षकांनी तबकडी रंगवायला घ्यावी.